दादाचे चार वर्षांचे रिटर्न राहिलेत? एकेक वर्ष मोकळं कसं करायचं

इंदूरमधल्या आपल्या मराठी घरांत पैशांची ओढाताण एक वेळ बोलून दाखवली जाते, पण आयकराचं रिटर्न राहिलंय हे कोणी सांगत नाही. पीथमपूरची नोकरी सुटते, घरात मोठं आजारपण येतं, नाहीतर जोडीदार जातो, आणि त्या वर्षीचं रिटर्न राहतं. पुढच्या वर्षी जुलै आला की मनात येतं, मागचंच भरलं नाही तर याचं काय भरू? म्हणून तेही राहतं. तीन-चार वर्षं अशी गेली की पाकिटं न फोडता कपाटात जातात आणि विषय निघाला की माणूस उठून आत जातो.

असा कोणी तुमच्या घरात असेल, मावसभाऊ, काका, आत्या, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. भीती वाटते ती सगळ्या वर्षांची मिळून, पण ‘चार वर्षांची थकबाकी’ अशी एक वस्तू कायद्यात नाहीच. प्रत्येक वर्षाची मुदत वेगळी, दंड वेगळा, रस्ताही वेगळा. वर्षं सुटी केली की काही वर्षांत काहीच देणं नव्हतं असं निघतं, एखाद्यात उलट पैसे येणं असतं, आणि खरं ओझं एखाद-दुसऱ्या वर्षाचं उरतं. ते कोणतं हे लवकर शोधणं हेच मुख्य काम.

पहिल्या दिवशी काहीही भरायचं नाही

पहिल्या बैठकीत आयकराचं पोर्टल उघडू नका. सतरंजी घाला, कपाटातली सगळी पाकिटं खाली काढा आणि दादाला आधीच सांगून टाका: “आज कुणाला फोन करायचा नाही, काही भरायचं नाही. फक्त पाकीट फोडायचं, तारीख बघायची आणि वर कोपऱ्यात पेन्सिलीनं वर्ष लिहायचं.” पाकिटं त्याला स्वतःला फोडू द्या. बँकेचं व्याजाचं पत्र, विम्याची पावती, जुना फॉर्म १६ (कंपनीनं दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला), नगर निगमचं मालमत्ता कराचं बिल, सगळं एकात एक मिसळलेलं असतं. निम्म्याहून अधिक कागद आयकराचे नसतातच, आणि हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसणं फार गरजेचं असतं.

‘का नाही भरलंस’ हा प्रश्न त्या दिवशी नको, नंतरही नको. कारण लागेलच, पण ते अर्जात लिहायला, आणि त्याची वेळ पुढे येईल. घरातल्या सगळ्यांना भोवती बसवू नका. वहिनींना काय आणि कधी सांगायचं ते दादालाच ठरवू द्या. मात्र घर किंवा एफडी दोघांच्या नावावर असेल तर लपवून पुढे जाता येणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगा.

माणूस खचलेला असेल, झोप उडाली असेल, ‘आता जगून काय’ असं बोलत असेल, तर रिटर्न बाजूला ठेवा. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, तिथे मोफत आणि चोवीस तास बोलता येतं. डॉक्टरांकडे सोबत जा. कराच्या मुदती महिन्यांच्या हिशेबात चालतात, दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही.

पोर्टल आधी दादाच्या हातात आणा

पुष्कळ जणांचं खातं वर्षांपूर्वी कुठल्यातरी कर सल्लागारानं उघडून दिलेलं असतं, आणि त्यात मोबाइल नंबर व ईमेल त्या सल्लागाराचाच असतो. नोटिसा तिकडे जातात, घरी कुणाला पत्ताच नसतो. म्हणून सगळ्यात आधी आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर पासवर्ड नवा करा. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, त्यानं तो बदलता येतो. मग प्रोफाइलमध्ये मुख्य नंबर आणि ईमेल दादाचा टाका, दुय्यम म्हणून तुमचा. आधारचा नंबरच बंद पडलेला असेल तर आधी आधार केंद्रावर तो बदलून घ्या, त्याशिवाय पुढचं काहीच हलणार नाही.

दुसरी तपासणी पॅन-आधार जोडणीची. जोडणी नसेल तर १ जुलै २०२३ पासून पॅन निष्क्रिय धरला जातो. रिफंड अडकतो आणि टीडीएस, म्हणजे पगार किंवा व्याज हाती येण्याआधीच कापला जाणारा कर, चढ्या दरानं कापला जातो. एक हजार रुपये भरून जोडणी करता येते. ऐंशी वर्षांवरच्यांना या अटीतून सूट आहे.

ओटीपी दादानंच टाकायचा, तुम्ही शेजारी बसायचं. घरातलं माणूस आहे म्हणून त्याचा पासवर्ड घेऊन परस्पर काम उरकू नका. रिटर्नवर सही त्याची असते आणि जबाबदारीही त्याचीच. तो अंथरुणाला खिळलेला असेल किंवा मानसिकदृष्ट्या सक्षम नसेल, तर पोर्टलवर ‘ऑथोराइज्ड पार्टनर्स’ या मेनूत प्रतिनिधी म्हणून रीतसर नोंदणी करता येते. नातेवाईक वारलेले असतील तर तिथेच कायदेशीर वारस म्हणून नोंदणी होते. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारसाचा पुरावा लागतो.

वर्षाचं पान

आता प्रत्येक वर्षासाठी एक कोरा कागद घ्या. वर दोन्ही वर्षं लिहा: आर्थिक वर्ष २०२२-२३, आकारणी वर्ष २०२३-२४. कमाई झाली ते आर्थिक वर्ष, तिची आकारणी होते ते पुढचं. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एक वर्ष इकडचं तिकडे झालं की कर भरण्याच्या चलनाचे पैसे भलत्याच वर्षाच्या खात्यात जमा होतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे आणि त्यात ‘कर वर्ष’ असं एकच नाव आहे. पण मागची थकलेली वर्षं जुन्या १९६१ च्या कायद्यानंच सुटतील, त्यामुळे ही दोन नावं तूर्त सुटत नाहीत.

त्या कागदावर काय लिहायचं ते पोर्टलच सांगतं. वार्षिक माहिती पत्रक, म्हणजे एआयएस, उतरवून घ्या. पगार, बँकेचं व्याज, शेअर आणि म्युच्युअल फंडांची विक्री, प्लॉटचा व्यवहार, सगळं त्यात असतं. पीडीएफला पासवर्ड लागतो: पॅन छोट्या अक्षरांत आणि त्याला लागून जन्मतारीख, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. सोबत २६एएस घ्या, कापलेला टीडीएस त्यावरून कळतो. मग बँकेचं त्या वर्षाचं पूर्ण स्टेटमेंट.

एआयएसमधला आकडा डोळे झाकून धरू नका. संयुक्त एफडीचं व्याज पहिल्या नावावर पूर्ण दिसतं, एकच व्यवहार दोनदा येतो, दुसऱ्याचं भाडं आपल्या पॅनवर चढलेलं असतं. चूक असेल तर तिथेच त्या ओळीसमोर अभिप्राय नोंदवायची सोय आहे. उलट, एआयएसमध्ये नाही म्हणून एखादं उत्पन्न सोडायचं असंही नाही. वरच्या मजल्याचं रोखीनं येणारं भाडं तिथे दिसणार नाही, पण ते उत्पन्नच आहे.

पानाच्या तळाशी तीन आकडे येऊ द्या: एकूण उत्पन्न, त्यावरचा कर, कापलेला टीडीएस.

हे करताना कररचना, म्हणजे जुनी की नवी, बघावी लागते, आणि उशिरा भरणाऱ्याला इथे निवड उरत नाही. आकारणी वर्ष २०२३-२४ आणि त्याआधीची वर्षं उशिरा भरताना जुन्या रचनेत जातात. म्हणजे पीएफ, विमा, मुलांची शाळेची फी, गृहकर्ज यांच्या पावत्या शोधायला हव्यात. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून नवी रचना न निवडताही आपोआप लागू होते आणि व्यवसाय नसलेल्या माणसानं मुदतीत रिटर्न भरलं नाही तर जुनी रचना घेताच येत नाही. त्या वर्षांसाठी विम्याच्या पावत्या धुंडाळण्यात दिवस घालवू नका. नव्या रचनेत आर्थिक वर्ष २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी सात लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीनंतर कर शून्य होतो. पगारदाराला प्रमाणित वजावट पहिल्या वर्षी पन्नास हजारांची होती, दुसऱ्या वर्षी पंच्याहत्तर हजारांची. ज्या वर्षाची सगळ्यात जास्त भीती होती तेच वर्ष कोरं निघालं, असं इथे होऊ शकतं.

पानांचे ढीग

पहिला ढीग: ज्या वर्षात उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आतच होतं. जुन्या रचनेत ही मर्यादा अडीच लाख, साठीनंतर तीन, ऐंशीनंतर पाच लाख. अशा वर्षी बहुधा रिटर्नच लागत नाही. अपवाद आहेत: वर्षाचं वीजबिल लाखावर, परदेश प्रवासाचा खर्च दोन लाखांवर, टीडीएस पंचवीस हजार किंवा अधिक (ज्येष्ठांना पन्नास हजार), अशांपैकी काही असेल तर उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न बंधनकारक असतं. तसं काही नसेल तर हिशेबाचं पान फाइलला लावा आणि पुढे चला.

दुसरा ढीग: ज्या वर्षाची डिसेंबरची खिडकी अजून उघडी आहे. मूळ मुदत चुकली तरी त्याच आकारणी वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित रिटर्न भरता येतं. उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर विलंब शुल्क एक हजार, त्यावर पाच हजार, मर्यादेच्या आत असेल तर काहीच नाही. कर बाकी असेल तर उशिराबद्दल महिन्याला एक टक्का व्याज, आणि आगाऊ कर (वर्ष चालू असतानाच भरायचा कर) भरला नसेल तर त्याचं व्याज वेगळं. रिफंडही मागता येतो. थकबाकी कितीही जुनी असो, हे वर्ष सगळ्यात आधी भरा. लोक उलटं करतात, जुन्यापासून सुरू करतात, त्यात डिसेंबर निघून जातो आणि ताजं वर्षही महागड्या रांगेत जाऊन बसतं.

तिसरा ढीग: खिडकी बंद झालीय आणि कर देणं आहे. यासाठी अद्ययावत रिटर्न, आयटीआर-यू. ही सोय २०२२ मध्ये आली. तेव्हा आकारणी वर्ष संपल्यापासून चोवीस महिने मिळायचे, २०२५ च्या वित्त कायद्यानं ते अठ्ठेचाळीस केले. किंमत मात्र चढत जाते: कर आणि व्याज यांच्या बेरजेवर पहिल्या बारा महिन्यांत २५ टक्के जादा, चोवीसपर्यंत ५०, छत्तीसपर्यंत ६०, अठ्ठेचाळीसपर्यंत ७०. म्हणजे ३१ मार्च २०२७ पर्यंत भरलं तर आकारणी वर्ष २०२५-२६ ला २५ टक्के, २०२४-२५ ला ५०, २०२३-२४ ला ६० आणि २०२२-२३ ला ७०. त्या तारखेनंतर २०२२-२३ चं दार बंदच होतं आणि बाकीची तिन्ही एकेक पायरी वर चढतात. कॅलेंडरवर ३१ मार्चला लाल खूण करा.

चौथा ढीग: खिडकी बंद, पण टीडीएस कराहून जास्त कापलाय, पैसे येणं आहेत. आयटीआर-यू रिफंड मागण्यासाठी चालत नाही. त्याचा रस्ता पुढे सांगतो.

कर बरोबर टीडीएसमध्ये फिटला, ना देणं ना घेणं, असं वर्ष निघालं तर त्यातही आयटीआर-यू भरता येत नाही. हिशेब आणि पुरावे जपून ठेवा, कधी विचारणा झाली तर उत्तर तयार राहील.

एक वर्ष आकड्यांत

दोन नोकऱ्यांचं वर्ष घेऊ, कारण कर थकण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे आणि त्यात लबाडी काहीच नसते. आर्थिक वर्ष २०२२-२३, वय पन्नास. पहिल्या कंपनीत वर्षभरातून मिळाले ३,६०,०००, दुसरीत ४,२०,०००. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या पगारापुरता हिशेब केला, प्रत्येकीनं पन्नास हजारांची वजावट दिली, दोन्हींकडे उत्पन्न पाच लाखांच्या आत, म्हणून सवलत लागू आणि टीडीएस शून्य. दोघीही आपल्या जागी बरोबर. पण माणूस एकच: पगार ७,८०,०००, वजावट एकदाच ५०,०००, एफडीचं व्याज २०,०००, पीएफ ६०,००० वजा. करपात्र ६,९०,०००. उपकरासह कर ५२,५२०. (आकडे सोपे राहावेत म्हणून मध्य प्रदेशचा व्यवसाय कर यात धरलेला नाही. जुन्या रचनेत तोही वजा होतो, फॉर्म १६ वर बघा.)

हे रिटर्न डिसेंबर २०२३ मध्ये भरलं असतं तर व्याज आणि पाच हजार शुल्क धरून साधारण ६७,५०० रुपयांत सुटलं असतं. तेच ऑगस्ट २०२६ मध्ये भरलं तर व्याज होतं ४३,६०० च्या आसपास. कर अधिक व्याज ९६,१००, त्यावर ६० टक्के म्हणजे जवळपास ५७,७००, आणि पाच हजार शुल्क. एकूण सुमारे १,५८,८००. मूळ कराच्या तिप्पट.

हा आकडा दादाला दाखवताना गोड बोलून लपवू नका. एप्रिल २०२७ उजाडला की ६० चे ७० होतील, हेही त्याच वेळी सांगा. वय साठ किंवा अधिक असेल आणि व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर आगाऊ कर लागत नाही, म्हणून व्याजाचा मोठा भाग गळतो. काकांचा हिशेब करताना हे तपासायला विसरू नका.

पैसे एकदम नसतील तर

आयटीआर-यू सोबत सगळी रक्कम आधी भरावी लागते, हप्ते नाहीत. पण वर्षं सुटी आहेत, एक भरून दुसरं चार महिन्यांनी भरता येतं. माझ्या मते क्रम असा ठेवावा: आधी डिसेंबरची खिडकी, मग ३१ मार्चला कायमचं बंद होणारं वर्ष, मग ज्याची टक्केवारी त्या तारखेला चढणार आहे आणि रक्कम मोठी आहे ते. मोडायला एफडी असेल तर मोडा, जादा कराच्या पायरीपुढे एफडीचं व्याज काहीच नाही. सराफ्यात सोनं गहाण ठेवून किंवा खासगी सावकाराकडून चढ्या व्याजानं उचलून मात्र करू नका. नात्यातच कोणी देत असेल तर कागद करा आणि पैसे बँकेतून घ्या. वीस हजारांपासून पुढचं कर्ज रोखीनं घेणं आयकर कायद्यालाच चालत नाही.

‘काही करू नका, कोण विचारतंय’ असा सल्ला देणारे भेटतील. विभागानं स्वतः प्रकरण उघडलं तर उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड कराच्या ५० टक्के आणि खोटं दाखवल्याचा २०० टक्के असतो. हेतुपुरस्सर रिटर्न न भरल्याबद्दल खटल्याचीही तरतूद आहे. मात्र टीडीएस आणि आगाऊ कर वजा जाता देणं दहा हजारांच्या वर नसेल तर ती लागू होत नाही. दादाच्या मनात तुरुंगाची भीती असते, त्याला हा आकडा नक्की सांगा.

मागणीची नोटीस येऊन गेलेली असेल तर ते वेगळं. तिथे आकारणी अधिकाऱ्याकडे हप्ते मागता येतात. लेखी अर्ज, पगाराची किंवा पेन्शनची स्लिप, घरखर्चाचा साधा हिशेब जोडा. खूप जुनी छोटी मागणी दिसत असेल तर ती अजून जिवंत आहे का ते बघा. आकारणी वर्ष २०१०-११ पर्यंतच्या पंचवीस हजारांच्या आतल्या आणि २०११-१२ ते २०१५-१६ च्या दहा हजारांच्या आतल्या मागण्या, माणशी एक लाखाच्या मर्यादेत, सरकारनं २०२४ मध्ये सोडून दिल्या आहेत.

अडकलेला रिफंड

आत्यांच्या बाबतीत हे नेहमी दिसतं. एफडीवर दरवर्षी टीडीएस कापला गेला, उत्पन्न मर्यादेत होतं, पण रिटर्न भरून रिफंड मागणारे आतोबा गेले आणि तेव्हापासून कुणी मागितलाच नाही. अशा वेळी विलंब माफीचा अर्ज करायचा, कलम ११९(२)(ब) खाली. आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज हवा. आकारणी वर्ष २०२१-२२ साठी ती मुदत ३१ मार्च २०२७ ला संपते. एक कोटीपर्यंतचा दावा प्रधान आयुक्त किंवा आयुक्तांच्या पातळीवर ठरतो, म्हणजे आपल्यासारख्यांचा तिथेच. पोर्टलवर ‘सर्व्हिसेस’ मध्ये ‘कंडोनेशन रिक्वेस्ट’ आहे.

सतरंजीवर न विचारलेलं कारण इथे लागतं. साधं, खरं आणि तारखांसह लिहा: पती कधी वारले, हॉस्पिटलात कधी होतो, हे व्यवहार आधी कोण बघत होतं. मृत्यूचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, टीडीएसचा पुरावा जोडा. ‘मला माहीत नव्हतं’ या एका ओळीवर अर्ज टिकत नाही. मंजुरी आली की मगच रिटर्न भरता येतं, आणि अशा रिफंडवर व्याज मिळत नाही. वेळ लागतो, पण पेन्शनवर जगणाऱ्या बाईला ती रक्कम मोठी असते, म्हणून सोडू नका.

पंच्याहत्तर पूर्ण झालेल्या आणि पेन्शन व व्याज एकाच बँकेतून घेणाऱ्यांना, बँकेला ठरलेलं घोषणापत्र दिल्यास, रिटर्न भरायची गरजच राहत नाही. आत्या त्या वयाच्या असतील तर पुढच्या वर्षांसाठी बँकेत विचारून घ्या.

नोटीस हाती लागली तर

आधी ती खरी आहे का बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रावर डीआयएन क्रमांक असतो आणि पोर्टलवर लॉगिन न करताही तो पडताळता येतो. एसएमएसमधल्या लिंकवर जाऊन पैसे भरू नका. मग पोर्टलच्या ‘पेंडिंग अॅक्शन्स’ मध्ये ‘ई-प्रोसिडिंग्ज’ उघडा. तिथे अशीही पत्रं सापडतात जी घरी कधी पोचलीच नाहीत.

कलम १४२(१) (रिटर्न किंवा माहिती मागणारी नोटीस), १४८ किंवा १४८ए (जुनं वर्ष पुन्हा उघडणारी) यांपैकी काही दिसलं तर त्या वर्षाला आपल्या मनानं हात लावू नका. अशा वर्षात आयटीआर-यू चालेलच असं नाही आणि उत्तराची तारीख चुकली तर एकतर्फी आकारणी होते. मुदत कमी पडत असेल तर आधी पोर्टलवरच मुदतवाढ मागा आणि त्याच आठवड्यात सीए गाठा.

सीए, एजंट आणि आयकर भवन

साधं पगाराचं आणि व्याजाचं वर्ष घरी होतं. प्लॉट विकला असेल, शेअरचे सौदे असतील, नोटीस आली असेल किंवा व्यवसाय असेल तर सीए घ्याच. इंदुरात ओळखीतून सीए मिळतो, आणि ओळखीमुळेच फी विचारायला संकोच वाटतो. विचारा. प्रत्येक वर्षाची वेगळी फी लिहून घ्या. वर्षांची पानं तयार घेऊन गेलात तर त्याचं निम्मं काम झालेलं असतं. पिशवीभर कागद टेबलावर ओतलेत तर तो ते लावण्याचेही पैसे घेईल, आणि ते रास्तच आहे.

‘पन्नास हजारांचा रिफंड काढून देतो, त्यातले वीस टक्के माझे’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. राजकीय पक्षाची देणगी, खोटं घरभाडं असं काहीतरी टाकून तो रिफंड काढतो, वर्षभरात नोटीस येते आणि तोवर त्याचा फोन बंद असतो. आधीच अडचणीत असलेल्या माणसाला हे परवडणार नाही.

व्हाइट चर्चसमोरच्या आयकर भवनात आयकर सेवा केंद्र आहे. लेखी अर्ज तिथे देता येतो, पोचेवर शिक्का आणि तारीख घ्या. दादाला सोबत न्या. अधिकारी माणसासारखं बोलतात हे एकदा अनुभवलं की अर्धी धास्ती तिथेच उतरते.

सियागंजात किंवा जेल रोडवर दुकान असेल तर जीएसटीही तपासावा लागेल. दुकान बंद झालं पण नोंदणी रद्द केली नाही, म्हणून दर महिन्याचं शुल्क चढत राहिलं, असं फार घडतं. जीएसटी रिटर्नला मूळ मुदतीपासून तीन वर्षं उलटली की ते भरताच येत नाही. तो विषय स्वतंत्र आहे, पण सीएकडे गेल्यावर त्याच दिवशी विचारा.

भरताना आणि भरल्यावर

फॉर्म निवडणं अवघड नाही. पगार, पेन्शन, व्याज, घर आणि उत्पन्न पन्नास लाखांच्या आत असेल तर आयटीआर-१. भांडवली नफा असेल तर साधारणपणे आयटीआर-२. अंदाजित नफ्यावर कर भरणारा छोटा धंदा असेल तर आयटीआर-४, बाकी धंद्याला आयटीआर-३. आयटीआर-यू भरताना त्या वर्षाचाच फॉर्म लागतो आणि कारणात ‘आधी रिटर्न भरलं नव्हतं’ हा पर्याय निवडायचा. एका वर्षासाठी हे एकदाच भरता येतं, म्हणून पाठवण्याआधी रात्रभर थांबा आणि सकाळी दादाला प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचायला लावा.

कर ‘ई-पे टॅक्स’ मधून भरा. चलनावर आकारणी वर्ष आणि ‘स्वयं-आकारणी कर, ३००’ हे दोनदा तपासा. चूक झालीच तर पोर्टलवर चलन दुरुस्ती होते, पण त्याची मुदत थोड्याच दिवसांची असते.

रिटर्न पाठवल्यावर तीस दिवसांत पडताळणी करायची, आधार ओटीपीनं दोन मिनिटांत होते. ती राहिली तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात, आणि खचलेल्या माणसाचं नेमकं हेच राहून जातं. म्हणून त्याच बैठकीत, चहा मागवण्याआधी, ती उरकून टाका. रिफंडाचं वर्ष असेल तर बँक खातं पोर्टलवर आधीच प्रमाणित करून ठेवा.

काही आठवड्यांनी कलम १४३(१) चं पत्र ईमेलवर येईल. त्यात दोन रकाने असतात, आपण दिलेला हिशेब आणि विभागानं केलेला. शेवटच्या ओळीत दोन्हीकडे सारखाच आकडा असेल तर त्या वर्षाच्या पानावर तारीख टाकून फाइलला लावा. फरक असेल तर बहुतेक वेळा टीडीएस जुळलेला नसतो किंवा चलनाचा तपशील चुकलेला असतो, आणि पोर्टलवरून दुरुस्ती मागता येते. जुन्या मागणीत रिफंड वळवणार असतील तर तसं आधी कळवतात. त्या पत्राला दिलेल्या दिवसांतच उत्तर द्या, सहमत असलात तरीही.

सगळी वर्षं मोकळी झाली की पासवर्ड दादाला बदलायला सांगा आणि तो तुमच्याजवळ ठेवू नका. चालू वर्षासाठी बँकेत एफडीवरचं व्याज विचारून घ्या, नोकरी बदलली असेल तर नव्या कंपनीला जुन्या पगाराची माहिती ठरलेल्या फॉर्मवर (जुन्या कायद्यात फॉर्म १२बी) द्यायला लावा. तसं केलं की दोन नोकऱ्यांच्या वर्षात टीडीएस बरोबर कापला जातो.